मुलाचं घोरणं, श्वास अडणं : ‘लेसरने, ऑपरेशनशिवाय’ हा उपचार कुणी केलाय का? (ठाणे)

ढोकाळीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा पहिलीत आहे, सहा पूर्ण. आम्ही ढोकाळीला राहतो.

घोरतो. ‘लहान मुलं घोरतातच’ असं ऐकून ऐकून कंटाळले, म्हणून सविस्तर लिहिते. दार लोटलेलं असलं तरी हॉलमध्ये आवाज येतो. झोपतो तो मान पार मागे टाकून, तोंड उघडं. डिसेंबरातसुद्धा उशीचा अभ्रा घामाने ओला. मध्येच घोरणं थांबतं. छाती-पोट हलत असतं, पण नाकाशी बोट धरलं तर हवा लागत नाही. मग एकदम हबकून श्वास घेतो आणि कूस बदलतो. वर्षभर कोरडं असलेलं अंथरूण आता परत ओलं व्हायला लागलंय. सकाळी उठवता उठवत नाही, आणि शाळेत बाई म्हणतात की दोन मिनिटं जागेवर बसत नाही, अंगात वारं भरल्यासारखा असतो.

नौपाड्यात एका ईएनटींना दाखवलं. टॉन्सिल ग्रेड तीन म्हणजे बरेच मोठे, मानेचा बाजूने एक्स-रे काढला त्यात ॲडिनॉइड (नाकामागच्या गाठी) मोठे. म्हणाले, आधी स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजायची तपासणी) करून आणा, पण बहुतेक दोन्ही काढावे लागतील. ‘पूर्ण भूल’ हा शब्द ऐकल्यापासून घरात कुणाला झोप नाही.

त्यात मागच्या आठवड्यात दाढ किडली म्हणून घोडबंदर रोडला एका डेंटल क्लिनिकमध्ये गेलो. वेटिंगमध्ये मोठं पोस्टर होतं : लहान मुलांच्या घोरण्यावर आणि स्लीप ॲप्नियावर (झोपेत श्वास अडण्यावर) प्रकाशाने उपचार. भूल नाही, रक्त नाही, टाके नाहीत, शाळा बुडणार नाही. आत विचारलं तर म्हणाले, टाळूवर लेसर फिरवतात, काही आठवड्यांच्या अंतराने सिटिंग, पूर्ण पॅकेज. रक्कम इथे लिहीत नाही. नवरा म्हणाला, ऑपरेशनला निदान मेडिक्लेम तरी आहे. स्लीप स्टडीची गरज नाही असंही सांगितलं, ‘लक्षणांवरून कळतंच’.

सासूबाईंचं मत लेसरच्या बाजूने पक्कं आहे. बाळ जन्मलं तेव्हा काविळीसाठी त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं, दोन दिवसांत पिवळेपणा उतरला. प्रकाशाने कावीळ जाते तर टॉन्सिल का नाही बसणार, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे उत्तर नाही.

कुणी मुलाला हे केलंय का? आणि स्लीप स्टडी टाळली तर चालेल का?

कोपरीचा_बंड्या

आमच्या घराण्यात तीन पिढ्या घोरतायत. आजोबा घोरायचे तर चाळीतल्या तिन्ही खोल्या जाग्या राहायच्या. सगळे ऐंशी पार करून गेले. पोराला सकाळी तलावपाळीला धावायला न्या, रात्री हळदीचं दूध द्या. डॉक्टर लोकांना ईएमआय असतात ताई.

मृदुला_ऐरोली

बंड्याभाऊ, तुमच्या आजोबांचं घोरणं आणि या मुलाचा श्वास थांबणं एकच नाही हो. आईने स्वतः बघितलंय हवा लागत नाही ते.

ढोकाळीची आई, मुलाचा अनुभव नाही, पण आमच्या ह्यांनी मोठेपणी हे लेसर करून घेतलंय म्हणून सांगते. खुर्चीत बसून तोंड उघडं ठेवायचं, मऊ टाळू आणि पडजिभेच्या आसपास लेसर फिरवतात. गरम गरम लागतं, दुखत नाही, घरी येऊन नेहमीसारखं जेवले. घोरण्याचा आवाज कमी झाला हे खरं, मला तरी जाणवलं. काही महिन्यांनी पुन्हा वाढला, तेव्हा ‘टच-अप घ्या’ म्हणाले. ह्यांना ॲप्निया नव्हता, नुसतं घोरणं होतं. शिवाय सहा वर्षांचं पोर एवढा वेळ आ करून हलल्याशिवाय बसेल का?

रात्रपाळी

मी नवी मुंबईत एका हॉस्पिटलच्या स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रात्रपाळीला. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध-ऑपरेशनचं मी सांगणार नाही, ते तुमचे ईएनटी आणि बालरोगतज्ज्ञ सांगतील. पण रात्रभर मुलांचे श्वास स्क्रीनवर बघणं हेच माझं काम आहे, आणि या लेसरचं पत्रक हातात धरून येणारे आईबाप मला अधूनमधून भेटतात. म्हणून लिहितो. लांबेल.

आधी आजीबाईंचं. त्यांचा प्रश्न खरं तर पोस्टर लावणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. काविळीत निळा प्रकाश, साधारण 460 नॅनोमीटरचा, कातडीतल्या बिलीरुबिनवर, म्हणजे पिवळेपणा आणणाऱ्या द्रव्यावर, पडतो आणि त्याचं रूप बदलतो. मग ते पित्तातून आणि लघवीतून बाहेर जाऊ शकतं. तिथे जे बदलायचं ते कातडीतच आहे आणि प्रकाश थेट त्यावर पडतो, म्हणून काम होतं. तेव्हा कुठल्याही प्रकाश-उपचाराला एकच प्रश्न विचारायचा : अडचण कुठे आहे, आणि प्रकाश कुठे पडतोय?

तुमच्या मुलाची अडचण कुठे आहे ते एक्स-रेने सांगितलंय. ॲडिनॉइड नाकाच्या मागे, टाळूच्या वरच्या अंगाला बसलेले असतात. तोंड कितीही उघडलं तरी दिसत नाहीत, म्हणून तर एक्स-रे किंवा दुर्बीण लागते. टॉन्सिल घशाच्या दोन्ही बाजूंना. साधारण तीन ते सात या वयात ही दोन्ही घशाच्या मानाने सर्वांत मोठी असतात आणि मुलांच्या ॲप्नियाचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच.

आता लेसर. मृदुलाताईंनी जे वर्णन केलंय ते बहुधा एर्बियम-यॅग, 2940 नॅनोमीटर. हा प्रकाश पाणी इतक्या जोरात शोषून घेतं की तो अस्तराच्या अगदी वरच्या थरातच संपतो, पुढे जाते ती त्याची ऊब, तीही थोडीच. त्या उबेने मऊ टाळूतलं कोलॅजन आक्रसावं, टाळू घट्ट व्हावा आणि फडफड कमी व्हावी अशी कल्पना. मोठ्या माणसात जिथे सैल टाळूच फडफडतो तिथे आवाज कमी होऊ शकतो, मृदुलाताईंच्या घरी झाला तसा. पण टाळूमागचा ॲडिनॉइड आणि बाजूचे ग्रेड तीन टॉन्सिल जागच्या जागीच राहतात. दार सोफ्याने अडलंय आणि आपण पडदा आखूड करतोय, असा प्रकार.

काही ठिकाणी दुसरंच यंत्र असतं, लाल किंवा इन्फ्रारेड प्रकाशाचं, ज्याने गरमही होत नाही. त्याला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. ते थोतांड नाही. कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलवटून निघतं त्यासाठी ते खरोखर वापरतात आणि उपयोग होतो. म्हणून सुजलेले टॉन्सिल बसतात असं मात्र त्यावरून निघत नाही. तेव्हा क्लिनिकला यंत्राचं नाव आणि तरंगलांबी विचारा. सांगता आलं नाही तर तिथेच उत्तर मिळालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्लीप स्टडी टाळू नका. ‘लक्षणांवरून कळतंच’ हे वाक्य मला फार खटकलं. घोरणं आहे हे लक्षणांवरून कळतं. श्वास किती वेळा अडतो आणि ऑक्सिजन किती खाली जातो, हे बाजूला जागत बसलेल्या आईलाही कळत नाही. ऐकू येणारा आवाज आणि आजाराची तीव्रता यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. काही मुलं गडगडाट करतात आणि रिपोर्ट साधा येतो. काही नुसती फुसफुसतात आणि माझी रात्र पळापळीत जाते.

स्क्रीनवर काय दिसतं ते सांगतो. नाकाखालच्या नळीची एक रेघ, छातीच्या पट्ट्याची एक, पोटाच्या पट्ट्याची एक. नीट झोपलेल्या मुलात तिन्ही लाटा एकत्र चढतात, एकत्र उतरतात. घसा बंद झाला की नाकाची रेघ सपाट होते. छाती आणि पोट मात्र थांबत नाहीत, उलट एकमेकांविरुद्ध चालतात : पोट वर तेव्हा छाती खाली. तुम्ही जे बघितलंत, छाती हलतेय पण हवा नाही, ते हेच. ऑक्सिजनचा आकडा लगेच पडत नाही, काही सेकंद मागून येतो. 97, 96, मग 91, 88. तेवढ्यात मेंदूच्या लहरींत एक खळबळ, हबका, कूस, आणि परत सगळं सुरळीत. मूल जागं झालेलं नसतं. त्याला सकाळी काही आठवत नाही, फक्त झोप झालेली नसते. आणि झोप न झालेलं मोठं माणूस पेंगतं, लहान मूल नाचतं. बाईंची तक्रार तिथून येते, अंथरूणही बऱ्याचदा तिथूनच ओलं होतं.

मुलांमध्ये हा प्रकार स्वप्नांच्या झोपेत जास्त, आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. आई अकरा वाजता बघते आणि म्हणते आज बरा झोपलाय. माझी धांदल साडेतीननंतर सुरू होते. त्यामुळे बोटाला ऑक्सिमीटर लावून तासभर बघितलं, असलं काही धरून चालू नका.

एक गोष्ट रिपोर्ट हातात आल्यावर बघा. मोठ्यांमध्ये श्वास दहा सेकंद अडला तर मोजतात आणि तासाला पाचपर्यंत सोडून देतात. मुलांमध्ये दोन श्वासांइतका अडथळाही मोजायचा असतो आणि तासाला एकच्या वर गेलं की ते नॉर्मल नाही. एक ते पाच सौम्य, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. ज्या लॅबमध्ये मोठेच जास्त येतात तिथे चारचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून छापलेला मी पाहिलाय. बुकिंग करतानाच विचारा, मुलांच्या निकषांनी स्कोअर करता का आणि कार्बन डायऑक्साइड मोजता का.

कोपरीचा_बंड्या

बरं बाबा, हळदीचं दूध मागे घेतो. तलावपाळी ठेवा.

ढोकाळीची_आई

रात्रपाळी दादा, खूप आभार. सासूबाईंना काविळीचा भाग वाचून दाखवला, ‘हे कुणी आधी सांगितलं असतं तर’ म्हणाल्या.

क्लिनिकला फोन करून यंत्राचं विचारलं. ‘अमेरिकन टेक्नॉलॉजी आहे’ एवढंच रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. मग डॉक्टर फोनवर आले, त्यांच्याकडे आलेल्या निम्म्या मुलांना तरी सहा-आठ महिन्यांत स्पष्ट फरक पडला म्हणाले. माणूस खोटं बोलतोय असं वाटलं नाही हो. निम्म्यांना फरक पडत असेल तर भूल देण्याआधी करून बघायला काय हरकत, असं मन परत म्हणतंच.

रात्रपाळी

ते खोटं बोलत नसतील. पण या ‘निम्म्या’ला एक जोडीदार आकडा आहे, तो शेजारी ठेवा.

अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, 2013 साली छापून आली, ‘चॅट’ म्हणून ओळखतात. पाच ते नऊ वर्षांची, ॲप्निया असलेली 464 मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटाचे टॉन्सिल-ॲडिनॉइड लगेच काढले, दुसऱ्याला नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. सात महिन्यांनी दोघांची पुन्हा स्लीप स्टडी. ऑपरेशनच्या गटात 79 टक्के मुलांचा रिपोर्ट नॉर्मल आला. आणि ज्यांना काहीच कापलं नाही त्यांच्यातल्या 46 टक्क्यांचाही.

म्हणजे सात महिने थांबून जवळपास निम्मी मुलं आपोआप सुधारली. मूल वाढतं, घसा मोठा होतो, सर्दीचा हंगाम सरतो. त्या सहा-आठ महिन्यांत तुम्ही लेसर मारा, अंगारा लावा नाहीतर तलावपाळीला धावा, निम्म्यांना फरक पडणारच. उपचाराने पडला म्हणायचा तर उपचार न घेतलेल्या तशाच मुलांचा गट शेजारी लागतो. मुलांमधल्या या लेसरचा त्या तोलामोलाचा पुरावा कुणी मला दाखवला तर मी लॅबच्या भिंतीवर लावीन.

हाच आकडा उलट बाजूनेही वाचा, कारण मी ऑपरेशनची जाहिरात करायला बसलेलो नाही. ॲप्निया आहे म्हटल्यावर उद्या सकाळीच टेबलावर न्या, असंही प्रत्येकाला लागू नाही. त्या चाचणीत लक्ष आणि एकाग्रतेच्या परीक्षेत दोन्ही गटांत दखलपात्र फरक आला नव्हता. वागणूक, दिवसाची पेंग, एकूण जगणं हे मात्र ऑपरेशनवाल्यांचं जास्त सुधारलं. 2023 साली अगदी सौम्य त्रासाच्या मुलांवर अशीच चाचणी छापून आली, तिचाही सूर साधारण तसाच. पण एक अट विसरू नका : ज्यांचा ऑक्सिजन फार उतरतो अशी मुलं ‘चॅट’मध्ये घेतलीच नव्हती. म्हणून ‘थांबून बघू’ हे रिपोर्ट बघून म्हणायचं असतं. तुमचा मुलगा कुठल्या खान्यात बसतो हेच अजून ठाऊक नाही, आणि ते जाणून घ्यायची एक रात्र लेसरवाले वाचवायला निघालेत.

थांबण्याच्या काळात काय करतात तेही तुमच्या डॉक्टरांना विचारा. सौम्य असेल तर नाकातला स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे देऊन बघतात. वजन जास्त असेल तर ते. काही मुलांत टाळू अरुंद असतो, तिथे दातांचे डॉक्टर टाळू रुंदावायचं यंत्र बसवतात, म्हणजे डेंटिस्ट मंडळींचा या आजारात खरा वाटा आहे, फक्त तो पोस्टरवर नाही. मॉन्टेल्युकास्टही देतात. आपल्याकडे ती गोळी सर्दीला घरोघरी असते, पण 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, मुलांमध्ये चिडचिड, दुःस्वप्नं, मनःस्थिती बिघडणं यासाठी. घरात उरलेली पट्टी स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

अनघा_खारघर

मुलीचे टॉन्सिल-ॲडिनॉइड मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत काढले. ताई, ‘भूल’ शब्दाची भीती मला तंतोतंत माहीत आहे, म्हणून गोड गोड लिहिणार नाही.

आत नेताना रडली, बाहेर आली तेव्हा आणखी रडली. गारेगार मिळणार या लालचेवर सगळं घर चाललं होतं, प्रत्यक्षात पहिल्या दिवशी तिने गारेगारला हातही लावला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं परत वर येतं, कानात ठणका. हे आम्हाला डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही. घशात पांढरी खपली दिसते, तोंडाला उग्र वास येतो, ते पू नसतं. दुखण्याचं औषध वेळेवर द्यायचं, दुखायची वाट बघत बसायचं नाही, कारण दुखलं की पाणी पीत नाहीत आणि पाणी प्यायले नाहीत की जास्त दुखतं.

रक्तस्राव सांभाळायचा तो पहिल्या चोवीस तासांत आणि मग खपली निघताना, पाच ते दहा दिवसांच्या दरम्यान. म्हणून त्या काळात आम्ही गावाला गेलो नाही, सगळे कोकणात, आम्ही खारघरला. थुंकीत ताजं लाल दिसलं तर फोन करत बसायचं नाही, उठायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. आणखी एक, घरात कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर फेकून द्या. या ऑपरेशननंतर मुलांना ते चालत नाही, श्वास मंदावतो.

भूलतज्ज्ञांना स्लीप स्टडीचा रिपोर्ट नक्की दाखवा. आमच्या बाईंनी तो बघूनच एक रात्र मॉनिटरवर ठेवायचं ठरवलं, नाहीतर संध्याकाळी घरी सोडणार होते. भुलीची भीती कमी करायची असेल तर तो कागद हातात असणं हाच उपाय आहे. मेडिक्लेमचं प्री-ऑथोरायझेशन आधी करून ठेवा.

घोरणं? घशाची सूज उतरेपर्यंत होतंच, उलट पहिले काही दिवस जास्त. मग गेलं.

ढोकाळीची_आई

अनघाताई, हे सगळं असंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

स्लीप स्टडी करायची ठरवली. नवरा म्हणतोय घोडबंदरचं ट्रॅफिक बघता वाशीला ट्रेननेच जाऊ. दादा, त्या रात्रीसाठी काय तयारी? हा डोक्याला टोपीसुद्धा घालू देत नाही, वायरी कसा लावून घेणार?

रात्रपाळी

टोपी न घालणारी मुलंच जास्त येतात, काळजी नको.

त्या दिवशी केसांना तेल नको, सकाळी शाम्पू करून आणा. तेलावर पेस्ट धरत नाही आणि रात्री दोनला पुन्हा चिकटवताना मूल उठतं. दुपारी झोपू देऊ नका, चहा-कोला नको. शर्ट पुढून बटणांचा, कारण वायरी वरून खाली येतात, डोक्यातून काढायचे कपडे अडकतात. त्याची नेहमीची उशी-पांघरूण आणा, हॉस्पिटलच्या उशीवर मान वेगळी पडते. एसी असतो, मोजे आणा. ऑक्सिजनचा चिमटा मी मुलांच्या पायाच्या बोटाला लावतो आणि वरून मोजा चढवतो, मग ते विसरून जातात.

नाकातली नळी सगळ्यात शेवटी, झोप लागल्यावर. आधी लावायला गेलो तर ओढून काढतात. तुम्ही दोघांपैकी एकाने शेजारी झोपायचं, पण कुशीत नाही, पट्टे सरकतात. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकला, आकडे उगाच वाईट येतात. घरी मोबाइलवर त्याच्या झोपेचा व्हिडिओ काढून ठेवा, पहाटेचा, छाती-पोट उघडं दिसेल असा. ईएनटींना रिपोर्टबरोबर तोही दाखवा.

आणि ट्रेननेच या, पण संध्याकाळी सहाच्या आत ठाण्याहून निघा. ट्रान्स-हार्बरला त्यानंतर पोराला घेऊन चढणं हाच एक ॲप्निया आहे.